मुलांसोबत विमानप्रवास: शेजारी-शेजारी सीट हव्यात तर कोणत्या क्रमाने काय करायचं

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या लोहगाव विमानतळावर चेक-इन काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहा. "मुलगी पाच वर्षांची आहे हो, ती अठराव्या रांगेत, मी सहाव्या, आणि हे सव्विसाव्या, असं कसं चालेल?" हा संवाद ऐकू येणारच. काउंटरवरची व्यक्ती जमेल ते करते, पण तोवर विमान भरत आलेलं असतं. आई-बाबांना वाटतं सीटचा प्रश्न वेब चेक-इनला सुरू होतो. खरं तर तो तिकीट काढताना, पहिल्या पाच मिनिटांतच बराचसा सुटलेला किंवा बिघडलेला असतो.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. सगळा भर देशांतर्गत प्रवासावर आहे. परदेशाचं वेगळं जेवढं आहे तेवढंच पुढे सांगितलं आहे.

तयारी: वयं आणि जोड्या

तिकिटाची साइट उघडण्याआधी एका कागदावर प्रत्येक मुलाची जन्मतारीख आणि प्रवासाच्या दिवशीचं वय लिहा. जायच्या दिवशीचं वेगळं, यायच्या दिवशीचं वेगळं. दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतंत्र सीट नसते, ते मांडीवर. सहलीच्या मध्येच बाळाचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला त्याचं सीटसह तिकीट लागतं. हे ऐनवेळी कळलं तर शेजारची सीट सोडा, विमानात सीट शिल्लक असेल की नाही याचीही खात्री नाही.

दोन ते बारा म्हणजे मूल. बारा ओलांडलं की विमान कंपनीच्या लेखी तो प्रौढ प्रवासी. तेरा वर्षांचा मुलगा तुमच्या दृष्टीने कितीही लहान असला, तरी पुढे सांगितलेल्या नियमाचा आधार त्याला मिळत नाही.

आता जोड्या लावा. 'सगळे एकत्र' हे बहुतेक वेळा जमणारं नसतंच. नेहमीच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट असतात. चौघांचं कुटुंब एका बाजूला मावत नाही. त्यामुळे कमीत कमी काय हवं ते ठरवा: प्रत्येक मुलाशेजारी घरातलं एक मोठं माणूस. एवढं मिळालं की बाकीचे कुठेही बसले तरी दोन तासांत कोणाचं काही बिघडत नाही.

चौघांसाठी दोन मांडण्या चांगल्या. एक, ए-बी-सी मध्ये तिघं आणि वाटेपलीकडे डी वर चौथं. दुसरी, एकामागे एक अशा दोन रांगांत दोन-दोन. मला दुसरी आवडते. धाकट्याला घरच्याच माणसाच्या मागची सीट द्या. लाथा बसल्या तर बाबांच्या पाठीत बसतात, अनोळखी काकांच्या नाही. जवळच्या मार्गांवर चालणाऱ्या छोट्या एटीआर विमानात दोन-दोनच सीट असतात, तिथे ही मांडणी आपोआप जुळते.

आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांनाही जोडीत धरा. फक्त गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजोबांना खिडकीशी अडकवून नातवाला वाटेकडे बसवू नका. मूल खिडकीशी, मोठं माणूस वाटेकडे, हे बरं. खाणंपिणं नेणारी गाडी जाताना मुलांचे हात वाटेत येतात.

१. एकच पीएनआर

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. पीएनआर म्हणजे बुकिंगचा नंबर. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना स्पष्ट सांगितलं आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. यातले दोन शब्दप्रयोग नीट वाचा. 'त्याच पीएनआरवर' आणि 'किमान एका'. पीएनआर वेगळा असेल तर नियमाचा आधार सुटतो. आणि नियम एका पालकाबद्दल आहे, अख्ख्या कुटुंबाबद्दल नाही.

पीएनआर तुटतो तो बहुतेक वेळा पैसे वाचवण्याच्या नादात. विमानाच्या सीट वेगवेगळ्या दरांच्या गठ्ठ्यांत विकल्या जातात. समजा ५,२०० रुपयांच्या दोनच सीट उरल्या आहेत आणि पुढचा दर ६,१०० आहे. चौघांचं एकत्र शोधलं की सहसा चौघांनाही ६,१०० दाखवलं जातं, म्हणजे २४,४००. दोन-दोन करून काढलं तर २२,६००. अठराशे रुपये वाचतात हे खरं, आणि चार प्रवाशांवरून दोन केल्यावर दर उतरतो हे आता सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून झालं आहे. वाचवायचेच असतील तर वाचवा, पण तोडताना जोडी तोडू नका. आई आणि मोठी एका पीएनआरवर, बाबा आणि धाकटा दुसऱ्या, असं. प्रत्येक पीएनआरवर किमान एक प्रौढ आणि त्याचं मूल.

तेच ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचं. सवलतीचं भाडं हवं असेल तर आजी-आजोबांचं बुकिंग बहुधा वेगळं करावं लागतं. हरकत नाही, फक्त मग नातवंडांची जोडी त्यांच्याशी लावू नका. बाबांचं तिकीट ऑफिसमधून निघणार असेल, तर आई आणि दोन्ही मुलं एका पीएनआरवर. आई मधल्या सीटवर, मुलं दोन बाजूंना, प्रश्न मिटला.

एका बुकिंगमध्ये साधारण नऊच प्रवासी घेता येतात. दोन-तीन कुटुंबं मिळून निघालात की एजंट पहिले नऊ एका पीएनआरवर आणि उरलेले दुसऱ्या, असं करून मोकळा होतो. त्याला नावांची यादी देताना कुटुंबाप्रमाणे गट पाडून द्या आणि "असंच काढा" असं लिहून पाठवा.

सावध: ग्राहक सेवेला फोन करून दोन पीएनआर एकमेकांशी जोडून घेता येतात असं सांगितलं जातं. सांगून ठेवायला हरकत नाही. पण ती विनंती असते, तिच्यावर विसंबून राहू नका.

२. अर्ज भरताना

देशांतर्गत प्रवासात मुलाचं आणि मोठ्याचं भाडं अनेकदा सारखंच असतं. म्हणून घाईत लोक 'चार प्रौढ' निवडून टाकतात. मग यंत्रणेच्या दृष्टीने तिथे मूलच नाही. मूल नाही तर शेजारी पालक बसवायचा प्रश्नही नाही. 'मूल' हाच प्रकार निवडा आणि जन्मतारीख विचारली तर खरी भरा.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबर आणि ईमेलची. एजंटकडून किंवा ओळखीच्या कोणाकडून तिकीट काढलंत तर बऱ्याचदा त्याचाच नंबर तिथे पडलेला असतो. विमान बदललं, वेळ बदलली, सीट बदलली, सगळे मेसेज त्याला जातात, आणि तो त्या वेळी दुसऱ्या दहा जणांची तिकिटं काढत असतो. तिकीट हातात आल्या आल्या विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून आपला नंबर आहे का बघा, नसेल तर बदलून घ्या.

तपासा: सगळी नावं एकाच पीएनआरखाली दिसतात का? मुलांपुढे 'मूल' असं लिहिलं आहे का? संपर्क तुमचा आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा.

३. सीटचे पैसे भरायचे की नाही

इथे लोक दोन टोकांना असतात. काही जण घाबरून सगळ्यांच्या सीट विकत घेतात, काही जण तत्त्व म्हणून एक रुपया देत नाहीत. दोन्हीपेक्षा आधी हिशेब करा. सीटचे पैसे माणशी आणि दर विमानाला लागतात. चौघं पुण्याहून दिल्लीमार्गे बागडोगऱ्याला जाऊन येणार असतील तर चार विमानं, म्हणजे सोळा सीटचे पैसे. एकेका सीटचे काहीशे रुपये धरले तरी आकडा तिकिटाच्या बरोबरीला जायला लागतो. कधी कधी थोडं महाग भाडं घेतलं की त्यातच सीट आणि खाणं येतं. ते आणि हे शेजारी मांडून बघा.

माझं मत असं: थेट विमान, दोन पालक, बारांखालची एक-दोन मुलं, एकच पीएनआर, आणि 'प्रत्येक मुलाशेजारी एक मोठं' एवढ्यावर समाधान असेल, तर पैसे भरायची गरज नाही. एकच मोठं माणूस दोन मुलांना घेऊन जात असेल, मुलाला विमानात त्रास होत असेल, मूल तेरा-चौदाचं असून एकटं बसायला घाबरत असेल, किंवा पीएनआर तुटलेलाच असेल, तर भरा. आणि लवकर भरा. मागच्या रांगांतल्या आणि मधल्या सीट सहसा स्वस्त असतात. लागून असलेल्या सीट हव्यात तर तिकडेच बघा, पुढच्या रांगांचा मोह सोडा.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट पैसे भरणं. बाबांनी स्वतःसाठी दहाव्या रांगेत खिडकी घेतली आणि बाकीच्यांचं "बघू नंतर" केलं, तर दहाव्या रांगेतल्या उरलेल्या दोन सीट दुसरं कोणीही घेऊ शकतं. घ्यायच्या तर अख्खी जोडी घ्या, नाहीतर कोणाचीच नको.

सीट निवडताना हे लक्षात ठेवा:

आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत मुलं चालत नाहीत, आणि बाळ मांडीवर असलेला पालकही चालत नाही. पाय पसरायला जागा दिसते म्हणून ती निवडलीत तर विमानतळावर उठवतील. त्याच्या लगेच पुढच्या रांगेतल्या सीट अनेकदा मागे झुकत नाहीत.

पहिल्या रांगेत समोर सीट नसते, त्यामुळे पिशवी पायाशी ठेवता येत नाही. विमान उडताना आणि उतरताना डायपर, दुधाची बाटली, खाऊ, सगळं वरच्या कप्प्यात. तान्ह्या बाळासोबत ही सीट जितकी चांगली दिसते तितकी नसते.

दोन बाळं असतील, जुळी किंवा बहिणी-बहिणींची, तर एका बाजूच्या तीन सीटवर दोन बाळं बसवून देत नाहीत. तीन सीटच्या वर साधारण चारच ऑक्सिजन मास्क असतात: तीन बसणाऱ्यांचे आणि एक मांडीवरच्या बाळाचा. म्हणून एक जण वाटेच्या या बाजूला, एक त्या बाजूला, असंच घ्या.

सावध: तिकिटाच्या साइटवर विमा, सीट, खाणं यांच्या खुणा आधीच केलेल्या नाहीत ना, ते पैसे भरायच्या पानावर शेवटचं एकदा बघा. जादा सेवा प्रवाशाने स्वतः निवडली तरच द्यायची, असा नियम आहे.

४. मधल्या काळात

तिकीट काढून दोन महिने विसरून जाऊ नका. कंपनी विमानाचा प्रकार बदलते तेव्हा सीटचा नकाशाही बदलतो आणि पैसे भरलेल्या सीटसुद्धा हलतात. आठवडाभर आधी एकदा आणि वेब चेक-इनच्या आदल्या दिवशी एकदा पीएनआर उघडून बघा. सीट घेतली असेल तर तिच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीने स्वतःहून सीट बदलली आणि त्या दर्जाची दुसरी दिली नाही, तर भरलेले पैसे मागायला हाच कागद लागतो.

५. वेब चेक-इन

देशांतर्गत विमानांचं वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांमध्ये ४८ तास आधी उघडतं. मोबाइलवर गजर लावा. सुटायच्या वेळेपासून ४८ तास मोजा, 'दोन दिवस आधी सकाळी' असं मोघम नको.

उघडलं की सगळ्या प्रवाशांवर एकदम खूण करा आणि एकाच वेळी चेक-इन करा. एकेकाचं वेगळं केलं की यंत्रणा एकेकाला जिथे रिकामं दिसेल तिथे टाकते. पुढे सीटचा नकाशा येतो. तिथे जवळपास प्रत्येक सीटवर किंमत दिसते आणि पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं. खाली किंवा कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, सीट न निवडता पुढे जायचा पर्याय असतो. पैसे भरायचे नाहीत असं ठरवलं असेल तर तो शोधा.

बोर्डिंग पास आले की लगेच उघडा. नावं नको, सीट नंबर बघा. १८ए आणि १८बी म्हणजे शेजारी. १८सी आणि १८डी म्हणजे मध्ये वाट. १८ए आणि १८सी म्हणजे मध्ये अनोळखी माणूस.

मूल एकटं पडलं असेल तर लगेच त्याच दिवशी ग्राहक सेवेशी चॅटवर किंवा फोनवर बोला. चॅट बरं, लेखी राहतं. "एकच पीएनआर आहे, मुलाचं वय अमुक, पालक शेजारी नाही, डीजीसीएच्या नियमाप्रमाणे शेजारी सीट द्या." एवढंच. आवाज चढवण्यापेक्षा वय आणि पीएनआर सांगितलेला लवकर कळतो. काम झालं नाही तरी चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

पीएनआर दोन असतील तर दोन फोन घेऊन शेजारी बसा. आधी ज्यात मुलं आहेत तो चेक-इन करा, कोणती रांग आली ते बघा, मग दुसऱ्या पीएनआरवर त्याच्या जवळची सीट शोधा. इथे दोनशे-चारशे रुपये द्यावे लागले तर द्या.

सावध: परतीच्या चेक-इनची वेळ तुम्ही सहलीत असताना येते. काश्मीरला निघाला असाल तर आणखी एक भानगड आहे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. हॉटेलच्या वायफायच्या भरवशावर न राहता घरी कोथरूडला किंवा हडपसरला असलेल्या एखाद्या भाचीला पीएनआर आणि वेळ देऊन ठेवा. तिचं इंटरनेटही चांगलं असतं आणि तिला कंटाळाही येत नाही.

६. लोहगावला काउंटरवर

सीट नीट मिळाल्या असतील तर हा टप्पा सोडून द्या. नसतील तर दोन तास आधी पोहोचा, आणि विमाननगरची कोंडी त्यात धरू नका, ती वेगळी. गाडी विमानतळावरच्या एअरोमॉलच्या पार्किंगमध्ये लावणार असाल तर मुलं आणि बॅगा घेऊन टर्मिनलपर्यंत यायला लागणारा वेळही मोजा. देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. पण सीट बदलून द्यायला वाव असतो तो त्याच्या बराच आधी.

द्यायची बॅग नसली तरी काउंटरवर जा. काउंटरवर बोर्डिंग पास काढून द्यायला जादा पैसे घेता येत नाहीत, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. एकाच मोठ्या माणसाने पुढे व्हावं, बाकीच्यांनी मुलांना घेऊन बाजूला थांबावं. हातात सगळ्यांची ओळखपत्रं आणि मुलाच्या वयाचा पुरावा, आधार किंवा जन्मदाखला, तयार ठेवा.

बोलायचं असं: "मॅडम, एकाच पीएनआरवर चौघं आहोत. मुलगी सहा वर्षांची आहे, तिची सीट वेगळ्या रांगेत आली आहे. आमच्या दोघांपैकी कोणीही एक तिच्याशेजारी द्या, रांग कुठलीही चालेल." शेवटचं वाक्य विसरू नका. 'चौघंही एकत्र आणि खिडकी हवी' म्हटलं की समोरच्याचे हात बांधले जातात. 'एक जण, कुठेही' म्हटलं की मार्ग निघतो. नवा बोर्डिंग पास हातात घेऊन सीट नंबर तिथेच वाचा, सिक्युरिटीत गेल्यावर नाही.

इथेही झालं नाही तर गेटवर सगळ्यात आधी जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. न आलेल्या प्रवाशांच्या सीट त्यांना शेवटी दिसतात.

७. विमानात शिरल्यावर

लहान मुलं असलेल्यांना आधी बोलावतात तेव्हा जा. आधी आपापल्या सीटवर बसा. दुसऱ्याच्या सीटवर बसून मग विनंती करणं ही सगळ्यात मोठी चूक. समोरचा माणूस उभा, मागे वाट अडलेली, त्याला नाही म्हणायलाच सोपं जातं.

अदलाबदल मागताना बरोबरीची किंवा वरचढ सीट द्या. वाटेकडच्याला वाटेकडची, खिडकीला खिडकी. सकाळच्या दिल्लीच्या विमानात लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाने वाटेकडच्या सीटचे पैसे मोजलेले असतात. त्याला "जरा मागे मधल्या सीटवर जाता का?" विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. एकटं मूल मधल्या सीटवर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना नव्हे, आधी केबिन क्रूला सांगा. कोण कुठे हलेल हे त्यांना लवकर कळतं आणि त्यांच्या शब्दाला लोक मान देतात.

दार बंद झाल्यावर मनाने उठून रांगा बदलू नका. विमानाचा तोल कोण कुठे बसलंय यावर मोजलेला असतो, छोट्या एटीआरमध्ये तर जास्तच. क्रूला विचारून मगच हला.

परदेशी जाताना

पुण्याहून निघा की मुंबईहून, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर सीट बहुतेक वेळा ज्या कंपनीचं विमान आहे तिच्या साइटवर निवडावी लागते, आणि तिथे पीएनआर वेगळा असतो. तो तिकीट देणाऱ्याकडून आधीच मागून घ्या. आणि बाळासाठी पाळणा हवा असेल तर तो मोठ्या विमानांत, ठरावीक पुढच्या सीटपाशी, मोजकाच असतो. तिकीट काढलं त्याच दिवशी फोन करून नोंदवा आणि बाळाचं वजन मर्यादेत बसतं का ते विचारा. परदेशी कंपनीचे मुलांच्या सीटचे नियम तिचे तिचे असतात, तिच्या साइटवर वाचूनच सीटचे पैसे भरायचे की नाही ते ठरवा.

तक्रार करायची तर

एकाच पीएनआरवर असूनही मुलाला एकटं बसवलं, किंवा पैसे भरलेली सीट काढून घेतली, तर आधी कंपनीला ईमेल करा. पीएनआर, मुलाचं वय, सगळ्यांचे बोर्डिंग पास, चॅटचे स्क्रीनशॉट आणि सीटची पावती जोडा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तीच कागदपत्रं टाकून तक्रार नोंदवा. म्हणून विमानातून उतरल्यावर बोर्डिंग पास खुर्चीच्या खिशात टाकू नका. कागदी असेल तर घरी येईपर्यंत ठेवा, मोबाइलवरचा असेल तर उतरायच्या आधीच स्क्रीनशॉट घ्या.